पदवीच्या वर्षांत आर्क्टिकमध्ये फील्डवर्क : मुंबईतून कोणी केलंय का?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडला राहते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय वनस्पतिशास्त्र. बरेच दिवस मनात घोळणारा विषय इथे मांडतेय, कारण कॉलेजात विचारलं की "आधी एमएस्सी कर, मग बघू" यापुढे कोणी बोलत नाही.

हिवाळ्यात आम्ही काही जण भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला पाणपक्षी मोजायला जातो. ओहोटीला चिखल उघडा पडला की लिटल स्टिंट आणि कर्ल्यू सँडपायपर यांचे थवे उतरतात. सगळे कॅमेरे रोहित पक्ष्यांवर रोखलेले असतात, या बारक्या करड्या पक्ष्यांकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. लिटल स्टिंट तर चिमणीपेक्षाही लहान. मे संपेपर्यंत हे पक्षी इथून निघून गेलेले असतात आणि जुलैत त्यांची पिल्लं सैबेरियाच्या टुंड्रात किडे टिपत असतात. खाली जमीन गोठलेली, वर वितळलेला वीतभर चिखल. ठाण्याची खाडी आणि आर्क्टिक ही एकाच पक्ष्याची दोन घरं आहेत हे समजल्यापासून तिकडची जमीन आणि झाडं स्वतः बघायचीच असं मनाने घेतलंय.

परदेशात पदवीच्या मुलांनाही उन्हाळ्यात आर्क्टिकला नेतात आणि स्वतःचा प्रश्न घेऊन काम करू देतात असं वाचलं. सैबेरियात कोलिमा नदीकाठी चेर्स्कीला २००८ मध्ये असाच पोलॅरिस नावाचा प्रकल्प सुरू झाला, पुढे तो अलास्कातल्या युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात गेला. भारतात पदवी करणाऱ्याला यातलं काही शक्य आहे का? तिथे दिवसभर नेमकं काम काय असतं? आणि तिकडचा हंगाम जून ते ऑगस्ट, तेव्हाच आमचं कॉलेज सुरू होतं. हजेरीचं काय करतात लोक?

ज्यांना अनुभव आहे त्यांनी जरूर लिहा. ज्यांना हे सगळं फोल वाटतं त्यांनीही लिहा, मला दोन्ही ऐकायचं आहे.


पक्षीवेडा_ठाणे

चांगला धागा. तू स्टिंटवरून आर्क्टिकला पोचलीस हे फार आवडलं.

रेड नॉट नावाचा याच कुळातला पक्षी आहे. त्याच्यावरचं काम २०१६ साली 'सायन्स'मध्ये आलं होतं, ते मिळवून वाच. सैबेरियाच्या तैमीर द्वीपकल्पात तो वाढतो. तिथला बर्फ आता लवकर वितळतो, किडे लवकर निघतात, आणि पिल्लांना खऱ्या अर्थाने भूक लागते तोवर किड्यांचा भर ओसरलेला असतो. अर्धपोटी वाढलेल्या पिल्लांचा आकार लहान राहतो, चोच आखूड राहते. हीच पिल्लं हिवाळ्यात आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर जातात. तिथे चिखलात खोल दडलेल्या शिंपल्यांपर्यंत आखूड चोच पोचत नाही, आणि अशा पक्ष्यांचं जगण्याचं प्रमाण कमी भरतं. उन्हाळ्यात तिकडे जे घडलं त्याची किंमत पक्षी हजारो किलोमीटर लांबच्या किनाऱ्यावर मोजतो.

पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालतात तेव्हा चोच, पंख आणि वजन मोजलं जातंच. आपल्या खाडीतल्या कर्ल्यू सँडपायपरच्या चोचींचे आकडे वर्षानुवर्षं एकत्र लावून बघायला हवेत. पदवीच्या मुलीलाही पेलेल असा प्रश्न आहे हा.


शेवग्याची_शेंग

वाचतेय. माझा भाचा अकरावीत आहे, त्यालाही दाखवते.


उत्तरायण

मी पार्ल्याचा. बारावीनंतर फेअरबँक्सला शिकायला गेलो आणि पदवीचे उन्हाळे अलास्काच्या उत्तरेला टूलिक फील्ड स्टेशनवर काढले. आता परत आलोय. सविस्तर लिहितो.

आधी कडू बातमी. अमेरिकेत पदवीच्या मुलांना उन्हाळी संशोधनासाठी जो मोठा सरकारी पैसा मिळतो, आरईयू म्हणतात त्याला, तो तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना असतो. मी तिथल्याच विद्यापीठात शिकत होतो, तरी मला तो लागू नव्हता. मी गेलो तो एका प्राध्यापिकेच्या प्रकल्पात विद्यार्थी मदतनीस म्हणून, तिच्या अनुदानातून. त्यासाठी वर्षभर तिच्या प्रयोगशाळेत मुळं धुतली, वाळवली, वजनं केली. मुंबईत बसून अर्ज भरला आणि टुंड्रात पोचलो, असा सरळ रस्ता मला तरी दिसलेला नाही. भारतातून जाणाऱ्यांसाठी नॉर्वेची बाजू जास्त मोकळी आहे, त्यावर इथल्या जाणकारांनी लिहावं.

आता काम. फेअरबँक्सहून टूलिक साधारण ६०० किलोमीटर, डाल्टन हायवेने. हायवे म्हणजे बहुतेक खडीचा रस्ता, शेजारून तेलाची पाइपलाइन. ब्रुक्स पर्वतरांगेच्या अलीकडे शेवटची झाडं लागतात, अटिगन खिंड ओलांडली की झाड म्हणून दिसत नाही. स्टेशन १९७५ चं, एका तळ्याकाठी, ६८ अंश उत्तरेच्या वर. मे अखेरीपासून जुलैचा बराचसा काळ सूर्य मावळतच नाही. पाणी आणि सांडपाणी दोन्हींचा हिशेब कडक, त्यामुळे आंघोळ आठवड्यातून दोनदा, तीही दोन मिनिटांची. डास इतके की डोक्यावरून जाळी घेतल्याशिवाय वही उघडता येत नाही.

लांबून टुंड्रा सपाट हिरवळ वाटते. चालायला लागलं की कळतं. कॉटनग्रासचे गुडघ्यापर्यंतचे घट्ट झुपके, पालथ्या घातलेल्या मडक्यांसारखे, आणि मधल्या फटींत पाणी. पाय झुपक्यावर ठेवला तर मुरगळतो, फटीत ठेवला तर बुटात पाणी. शिवाय तुडवलेली टुंड्रा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून प्रयोगाच्या जागी लाकडी फळ्यांची वाट केलेली असते आणि तिच्यावरूनच चालायचं असतं.

पहिलं काम शिकवलं ते सळईचं. खुणा केलेली स्टीलची सळई जमिनीत दाबायची, गोठलेल्या थराला लागली की थांबायचं आणि किती सेंटिमीटर आत गेली ते लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण सळई दगडाला लागली तर मुठीला झिणझिण्या येतात आणि टणक आवाज होतो, बर्फाला लागली तर आवाज बोदा असतो. हा फरक हातात उतरेपर्यंत जुना मदतनीस शेजारी उभा राहून प्रत्येक आकडा परत घ्यायला लावतो. जूनच्या सुरुवातीला सळई जेमतेम वीतभर जाते, ऑगस्टमध्ये कोपरापर्यंत. १९९१ पासून चाललेल्या काल्म नावाच्या जाळ्यात आर्क्टिकभर अशा जागा आहेत. शंभर मीटर बाजूचा चौकोन आखायचा, दर दहा मीटरला एक, अशा १२१ ठिकाणी सळई घालायची, आणि हे दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी. जमीन किती वितळते हे जगाला कळतं ते अशा कामातून.

दुसरं काम चेंबरचं. जमिनीत आधीच बसवलेल्या कड्यावर पारदर्शक पेटी घट्ट बसवायची. आतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड काही सेकंदांच्या अंतराने मोजला जातो. उजेडात झाडं तो ओढून घेतात, आकडा उतरतो. मग पेटीवर काळं कापड टाकायचं. आता प्रकाशसंश्लेषण बंद, फक्त झाडांचा आणि मातीतल्या जिवाणूंचा श्वास, आकडा चढतो. दोन्हींच्या फरकातून झाडांनी किती घेतलं ते निघतं. दिवसभर हेच, एका कड्यावरून दुसऱ्यावर. ढग आला तर थांबा, परत करा.

हे इतकं किचकट काम का करायचं, तर त्या जमिनीत काय आहे म्हणून. कायम गोठलेल्या जमिनींच्या प्रदेशात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, हवेत आज आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. थंडी आणि पाण्यामुळे तो कुजलेला नाही. आर्क्टिक मात्र १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतंय. झुडपं वाढतात, म्हणजे कार्बन साठणारच, असं कोणालाही वाटेल. टूलिकला १९८१ पासून काही तुकड्यांना दर वर्षी नायट्रोजन-फॉस्फरसचं खत घालतात. ऊब वाढली की मातीतून जास्त पोषण सुटतं, त्याची ती नक्कल. गवताच्या जागी बटू बर्च माजला, वरची वाढ दुपटीच्या घरात गेली. वीस वर्षांनी माती खोदून हिशेब केला तेव्हा दर चौरस मीटरमागे सुमारे दोन किलो कार्बन कमीच भरला. जमिनीखालच्या खोल थरांतून तो निघून गेला होता, वर मात्र सगळं हिरवंगार. २००४ साली 'नेचर'मध्ये हे आलं आणि मला या विषयात ओढलं ते याच कामाने. वीस वर्षं कोणी ना कोणी त्या तुकड्यांना खत घातलं, मुळं धुतली, वजनं लिहिली, आणि त्यात पदवीच्या मुलांचे हात मोठ्या संख्येने होते.

म्हणून माझं स्पष्ट मत : अस्वल बघायला आणि फोटो काढायला जायचं असेल तर जाऊ नये. एकच माप रोज त्याच काळजीने घेण्यात आनंद वाटत असेल, तर जरूर जावं.


पक्षीवेडा_ठाणे

उत्तरायण, सुरेख प्रतिसाद. सळईचा आवाज हे कुठल्या पेपरात वाचायला मिळत नाही.


आईची_बाजू

माझी मुलगी भूगोलात पदवी करतेय, तिच्याही डोक्यात हेच आहे, म्हणून विचारते. ध्रुवीय अस्वलं, बंदुका वगैरे ऐकून पोटात गोळा येतो. शिवाय खर्च. आमच्यासारख्या पगारदार घरात काही लाख रुपये एका उन्हाळ्यासाठी काढायचे म्हणजे धाकट्याच्या शिक्षणातून काढायचे. मुलीला नाही म्हणायचं नाही, पण आंधळेपणाने हो पण म्हणवत नाही.


गोव्याहून

काकू, तुमचा प्रश्न रास्त आहे. स्वालबार्डबद्दल मला माहीत आहे तेवढं सांगतो.

स्वालबार्ड हा नॉर्वेचा द्वीपसमूह, ७८ अंश उत्तरेला. तिथल्या लाँगयरब्येन गावात युनिस हे विद्यापीठ केंद्र १९९३ पासून आहे. आर्क्टिक जीवशास्त्र, भूशास्त्र, भूभौतिकी आणि तंत्रज्ञान असे विभाग, शिकवणं इंग्रजीत. आपल्या विद्यापीठात नाव दाखल ठेवून तिथे पाहुणा विद्यार्थी म्हणून कोर्स करता येतो, आणि कोर्सातच फील्डवर्क असतं. सुरक्षेचं म्हणाल तर फील्डवर पाठवण्याआधी प्रशिक्षण सक्तीचं. बर्फावर कसं वागायचं, कोणी पाण्यात पडलं तर काय करायचं, बंदूक कशी हाताळायची, सगळं त्यात येतं. वस्तीबाहेर अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ बाळगावंच लागतं. गट सोडून एकट्याने भटकणं नाही. कुठल्याही कॉलेजच्या सहलीपेक्षा शिस्त जास्तच असते.

व्हिसाची एक गोम लक्षात ठेवा. १९२० च्या स्वालबार्ड करारात भारत आहे आणि स्वालबार्डला स्वतःचा व्हिसाच नाही. पण वाट ऑस्लोवरून जाते, तिथे शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) व्हिसा लागतो. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर धरलं जातं, म्हणून परत येताना पुन्हा प्रवेश. व्हिसा दोनदा प्रवेशाचा तरी हवा.

आता आपलं हिमाद्री. लाँगयरब्येनच्या वायव्येला नी-ऑलेसुंड या संशोधन-वस्तीत भारताचं हे स्थानक १ जुलै २००८ पासून आहे, उत्तर ध्रुवापासून साधारण १,२०० किलोमीटरवर. गोव्यात वास्कोला असलेली एनसीपीओआर, म्हणजे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था, ते चालवते. २०१४ मध्ये शेजारच्या काँग्सफ्योर्डनमध्ये पाण्याखाली इंडआर्क ही वेधशाळा सोडली, आणि डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही आपली माणसं तिथे जाऊ लागली. त्या वस्तीत मोबाइलचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणींना अडथळा होतो.

मोहिमेसाठी प्रस्ताव मागवले जातात, पण ते संशोधकाने संस्थेच्या नावाने द्यायचे असतात. बीएस्सीच्या मुलीने एकटीने अर्ज करायची ती जागा नाही. तिच्यासाठी वाट वेगळी आहे. तिन्ही विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप असते, पदवीच्या विद्यार्थ्यांनाही. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली, विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो. ध्रुवीय विषयात काम करणारा शास्त्रज्ञ निवडायचा. आर्क्टिकहून आणलेला गाळ, पाणी, शेवाळ यांवरचं काम इथल्या प्रयोगशाळांत वर्षभर चालू असतं. काकू, यात घरातून काही लाख काढावे लागत नाहीत, आणि मुलीला खरंच हे आवडतंय का तेही कळतं.


आईची_बाजू

मनापासून आभार. शेवटचा परिच्छेद मुलीला आत्ताच वाचून दाखवला.


शेवग्याची_शेंग

मला एक खटकतंय ते लिहिते, राग मानू नये. हवामान बदलाचा अभ्यास करायला विमानाने अर्धं जग ओलांडायचं, तेवढा धूर हवेत सोडायचा, आणि तोही विशीतल्या मुलांना "अनुभव" मिळावा म्हणून? इथे पावसाळ्यात हिंदमाता भरतं, उन्हात उभं राहवत नाही. आपल्या दारात अभ्यासाला काय कमी आहे? आर्क्टिकला तिथले लोक बघतील की.


जुना_मास्तर

शेंग, तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण "तिथले लोक बघतील" हे मला पटत नाही. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, त्या बाजूने लिहितो.

समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला तर पातळी जवळजवळ वाढत नाही. ग्रीनलँडचा बर्फ जमिनीवर आहे, तो वितळला तर वाढते. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. ग्रीनलँडवरचा बर्फ इतका प्रचंड आहे की आपल्या गुरुत्वाकर्षणाने तो आजूबाजूचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ती ओढ सैल होते, ग्रीनलँडजवळ पाणी उतरतं आणि लांबच्या समुद्रांत सरासरीहून थोडं जास्त चढतं. त्या लांबच्यांत आपण आहोत.

पावसाचंही तसंच. २०२१ मध्ये एनसीपीओआरच्या संशोधकांच्या कामात असं दिसलं की उन्हाळ्यात रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रातला बर्फ कमी असतो तेव्हा मोसमाच्या अखेरीस, सप्टेंबरात, मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढण्याशी त्याचा संबंध असू शकतो. वरच्या हवेतल्या लाटा आणि तापलेला अरबी समुद्र हे त्यातले दुवे. इथे एक सावधगिरी हवी. काही जण लगेच २६ जुलै २००५ आठवतील, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. तो दिवस आर्क्टिकमुळे घडला असं कोणी म्हणू नये. एका पावसाला एक कारण चिकटवणं विज्ञानात बसत नाही.

विमानप्रवासाचं म्हणाल, तर पोरांच्या सहलींना माझाही विरोध आहे. पण मापं घ्यायला माणूस लागतोच. उपग्रहाला जमिनीचा हिरवेपणा दिसतो, पन्नास सेंटिमीटर खालची माती कुजतेय की नाही ते दिसत नाही. उत्तरायण यांनी सांगितलेला खताचा प्रयोग त्याचाच पुरावा आहे.


उत्तरायण

मास्तरांना अनुमोदन. शेंगताई, विमानाचा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. मी स्वतःपुरता नियम केला होता : एकदा गेलो की पूर्ण हंगाम राहायचं, मध्ये घरी यायचं नाही, आणि आणलेले आकडे पूर्ण लिहून झाल्याशिवाय पुन्हा जायचं नाही. आठ दिवसांच्या "आर्क्टिक अनुभव" सहली विकल्या जातात, त्यांच्या मी पूर्ण विरोधात आहे.

"तिथले लोक" हा मात्र फार महत्त्वाचा मुद्दा तुम्ही काढलात. स्वालबार्डला मूळ रहिवासी असे नव्हतेच. अलास्कात आहेत. खाडीकाठचीने म्हटलेला युकॉन-कुस्कोक्विम प्रदेश यूपिक लोकांचा आहे. तिथलं न्यूटॉक गाव खालची जमीन वितळून आणि नदीने काठ खाऊन राहण्याजोगं उरलं नाही, २०१९ पासून लोक नव्या जागी, मर्टार्विकला हलले. २०१५ च्या उन्हाळ्यात त्याच भागात मोठे वणवे लागले. मॉसचा थर जळाला की खालची जमीन उघडी पडते आणि आणखी खोल वितळते. २००७ मध्ये उत्तरेला अनाक्तुवुक नदीजवळ विजेमुळे लागलेल्या वणव्यात हजार चौरस किलोमीटरहून जास्त टुंड्रा जळाली आणि सुमारे २१ लाख टन कार्बन हवेत गेला. अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालात तर वणवे धरले तर टुंड्रा आता कार्बन शोषणारी राहिली नाही, सोडणारी झाली, असं स्पष्ट लिहिलंय. हे ज्यांच्या अंगणात घडतंय त्यांना विचारल्याशिवाय तिथे खुंट्या ठोकणं बरोबर नाही.


वेसावकर

मी वेसावे कोळीवाड्यातला. सहसा वाचतो, लिहीत नाही. वरचं वाचून राहवलं नाही.

आमच्याकडेपण दर वर्षी पोरं येतात. कॉलेजची असतात, संस्थांची असतात. खाडीत मासा का कमी झाला, जिताडा मिळतो का, चिंबोरी किती मिळते, प्लास्टिक किती येतं, सगळं लिहून घेतात. आमची म्हातारी माणसं कामं सोडून तास-तास बसून सांगतात. कुठल्या उधाणाला पाणी कुठवर यायचं आणि आता कुठवर येतं, हे माझ्या आजीला तोंडपाठ आहे. पोरं वह्या भरून घेऊन जातात, पुढे त्याचं काय झालं ते सांगायला परत कोणी येत नाही. एका संस्थेने तर आमच्याच खाडीचा नकाशा छापला आणि आम्हाला तो दुसऱ्याच्या मोबाइलवर बघायला मिळाला.

खाडीकाठची, तू आर्क्टिकला जा, चांगलंच आहे. पण आधी इथे ये. मी स्वतः होडीतून नेतो. आणि जे मोजशील ते परत येऊन कोळीवाड्यात सांग, मराठीत. ही एकच अट.


शेवग्याची_शेंग

वेसावकर, अगदी मनातलं लिहिलंत. मास्तर आणि उत्तरायण, आता माझा विरोध तेवढा राहिला नाही. ज्याने आपल्या खाडीवर हे काम नीट केलंय त्याने पुढे तिकडे जावं, हे मला पटेल.


खाडीकाठची

सगळ्यांचे आभार. प्रत्येक प्रतिसाद दोन-दोनदा वाचला. वेसावकर दादा, तुमची अट मान्य. नुसती मान्य नाही, ती प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहिणार आहे.

उत्तरायण दादा, चेंबरबद्दल वाचल्यापासून एक विचार डोक्यात आहे. टुंड्रात पाणी आणि थंडीमुळे कार्बन कुजत नाही. आपल्या तिवरांखालच्या चिखलातही पाण्यामुळे हवा पोचत नाही, म्हणून तिथेही कार्बन साठून राहतो. मग तोच चेंबर इथे लावला तर? नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टचे श्रेयांक आहेत, त्यात हे बसवता येईल, म्हणजे हजेरीचाही प्रश्न उरत नाही. आमच्या बाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या, पण प्रश्न नेमका करून आण म्हणाल्या.


उत्तरायण

बाईंनी योग्य तेच सांगितलं. "खाडीतला कार्बन" हा प्रश्न नव्हे, विषय झाला.

मिथेन धर. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो. टुंड्रातल्या गोड्या पाणथळीत तो भरपूर निघतो. खाडीत समुद्राचं पाणी असतं, त्यात सल्फेट असतं, आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन करणाऱ्यांना खायला फारसं उरू देत नाहीत. म्हणून खाऱ्या चिखलातून मिथेन कमी निघतो. पण पावसाळ्यात खाडीच्या वरच्या टोकाला गोडं पाणी आणि शहराचं सांडपाणी दोन्ही येतात. तेव्हा काय होतं? पावसाआधी, भर पावसात आणि नंतर, वरच्या टोकाला एक आणि मुखाकडे एक जागा. हा प्रश्न तुझ्या आवाक्यातला आहे, आणि तुझा हंगामही नेमका जून ते ऑक्टोबर.

करताना सांभाळायच्या गोष्टी. कडं चिखलात रुतवलं की आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो, त्यामुळे रुतवून काही दिवस तसंच राहू दे, मग मोजायला सुरुवात कर. चिंबोऱ्यांची बिळं आणि तिवराची श्वसनमुळं कड्यात किती येतात ते दर वेळी मोजून लिही, वायू त्यांच्यातून निघतो. पेटीतलं तापमान लिहायला विसरू नकोस, आपल्या उन्हात बंद पेटी झपाट्याने तापते, टुंड्रात हा त्रास एवढा नसतो. कार्बन डायऑक्साइडसाठी स्वस्त सेन्सर चालतील. मिथेनसाठी सिरिंजने ठरावीक मिनिटांनी नमुने घे आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) लाव, कुठल्या कॉलेजात चालू अवस्थेत आहे ते बाईंना माहीत असेल. भरती-ओहोटीचं कोष्टक हाताशी ठेव. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांचे आकडे एकत्र मिसळू नकोस.

आणि परवानगी. कांदळवनं वनखात्याकडे आहेत, कांदळवन कक्षाचं पत्र हातात असल्याशिवाय एक खुंटीही ठोकू नकोस.


वेसावकर

भांगाला पाणी हलकं असतं, त्या दिवसांत काम सोपं जाईल. पण वरच्या टोकाला पावसात चिखल फार ओढतो, एकटीने उतरायचं नाही. निवट्या दिसतील तिथे पाय टाकताना जपून, जमीन मऊ असते. मी सोबत असेन.


जुना_मास्तर

एक जोड. आर्क्टिकशी संबंध ठेवायला तिथे जायलाच हवं असं नाही. समुद्री बर्फाच्या विस्ताराचे रोजचे आकडे १९७९ पासूनचे अमेरिकेच्या हिम-बर्फ माहिती केंद्राकडे कोणालाही उतरवून घेता येतात. सप्टेंबरमधला विस्तार दर दशकात सुमारे बारा टक्क्यांनी घटत आलाय, २०१२ ला तर ३४ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उतरला होता. काल्मच्या सळईचे आकडेही खुले आहेत. तुझ्या वर्गातल्या कोणाला गणितात रस असेल तर त्याला या कामाला लाव. मी आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकतो, घर दादरला आहे, व्यनि करा.


गोव्याहून

अकादम्यांच्या फेलोशिपचे अर्ज हिवाळ्यात निघतात. त्याला प्रस्तावाचं छोटं टिपण आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. पावसाळ्यातले खाडीचे आकडे हाताशी असतील तर टिपण आपसूक वजनदार होईल. लिहून झालं की पाठव, मी वाचून देतो.


पक्षीवेडा_ठाणे

आणि जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून दर वर्षी. चेंबरच्या दोन्ही जागांवर स्टिंट किती उतरतात ते त्याच वेळी मोजू. माझा स्पॉटिंग स्कोप घेऊन येईन.


खाडीकाठची

मास्तर, व्यनि केलाय, आम्ही तिघे येऊ. कांदळवन कक्षासाठीचा अर्ज बाईंच्या सहीसाठी दिला आहे. गॅस क्रोमॅटोग्राफ आमच्या कॉलेजात नाही, पण बाईंच्या ओळखीच्या एका विभागात आहे, तिथे पुढच्या आठवड्यात जातेय. वेसावकर दादा, वरच्या टोकाच्या दोन जागा नकाशावर खूण करून तुम्हाला पाठवल्या आहेत. कुठली योग्य ते तुमच्या आजींना विचारून कळवाल का? पत्र आलं की इथेच लिहीन, ज्यांना कडी रुतवायला यायचंय त्यांनी तोवर नाव देऊन ठेवा, गमबूट आपापले आणावे लागतील.